पाच दिवसांची रीत

वर्तकनगर, ठाणे
८ मार्च २०२५

चि. संचितास,
शालनकाकूचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही आणि कुणाचं लग्नही ठरलेलं नाही. कानांनी आता पुरता संप केला आहे. यंत्र लावलं की फोनमध्ये नुसती शिट्टी वाजते. म्हणून हे पत्र. तुझे बाबा चांगदेव आणि आमचे हे सख्खे मावसभाऊ, दोघांनाही लांबलचक पत्रं लिहायची खोड होती. एकाची बायको आणि दुसऱ्याची मुलगी म्हणून आपल्याला एवढं जमायला हरकत नाही.

काम असं आहे. तू डोंबिवलीत स्पॅनिश शिकवतेस. मला शिकव.

हसून झालं असेल तर पुढे वाच. संदेशला जाऊन पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. तिकडे स्पेनमध्ये, सारागोसाला, त्याची बायको इनेस आणि माझी नात आल्बा दोघीच आहेत. आल्बा आता नऊ वर्षांची आहे. संदेश होता तोवर तो मधे बसून इकडचं तिकडे करायचा. आता आम्ही तिघी फोनमधल्या भाषांतरावर चालवतो. गेल्या महिन्यात आल्बानं विचारलं, माझे बाबा लहान असताना कसे होते? मी मोठ्या हौसेनं दोन पानं मराठीत लिहिली आणि फोनच्या तोंडी दिली. तिचं उत्तर आलं, की आजी, हे तुझ्यासारखं वाटत नाही, विमानतळावरच्या बाईसारखं वाटतं.

त्या दिवशी ठरवलं, की आपण आपल्या हातानं लिहायचं. पुस्तकं आणून वर्षभर घरीच थोडं शिकले आहे. शाळेच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, पुस्तकाला मी घाबरत नाही. मुळाक्षरं, आकडे, भाज्या, नातीगोती झाली. वर्तमानकाळ येतो. पण संदेशबद्दल वर्तमानकाळात लिहिता येत नाही ना गं. भूतकाळाच्या धड्याशी आले आणि अडले. तिथे एक सोडून दोन दोन भूतकाळ दिलेत आणि दोन्हींतला फरक इंग्रजीतून सांगितलाय, तो माझ्या डोक्यात शिरत नाही.

जमेल तसं कळव. सूरजचं ऑफिस घोडबंदर रोडला आहे ना, जावई असला तरी त्याला जाता-येता माझ्याकडे पाकीट टाकता येईल. त्याच्यासाठी थालीपीठ असेल.

तुझी,
शालनकाकू


डोंबिवली पूर्व
१५ मार्च २०२५

ती. शालनकाकूंस,
संचिताचा साष्टांग नमस्कार.

हसले नाही काकू, खरंच. क्लासमध्ये तुमचं पत्र उघडलं आणि रडले, ते पण पोरांसमोर. खाली पोळीभाजी केंद्रात कांदा चिरतात, त्याच्यावर ढकललं. पोरं म्हणजे सगळी आयटीवाली. कंपनी बार्सिलोनाला पाठवेल या आशेवर दोन महिने येतात आणि भूतकाळ आला की गायब होतात. तुम्ही भूतकाळासाठीच येताय म्हटल्यावर फी कसली मागू? सूरजला थालीपीठ, मला वाटीभर लोणी. ठरलं.

आता धडा. पहिली गोष्ट, ते इंग्रजी स्पष्टीकरण फाडून टाका. तुम्हाला हे सगळं आधीपासून येतं, मराठीतून. 'संदेशदादा कैरी खायचा.' कधी? रोज, दर उन्हाळ्यात, नेहमी. याला सुरुवात नाही, शेवट नाही. हे झालं 'कोमीआ'. 'संदेशदादानं कैरी खाल्ली.' एकदा खाल्ली, संपली, कोय फेकून दिली. हे झालं 'कोमिओ'. आपण जिथे जिथे 'करायचा, जायचा, म्हणायचा' म्हणतो तिथे पहिला. जिथे 'केलं, गेला, म्हणाला' तिथे दुसरा. आणि मागचं चित्र उभं करायचं असेल, म्हणजे पाऊस पडत होता, दादा झोपला होता, दार उघडं होतं, तर तेही पहिल्यातच. नव्वद टक्के काम एवढ्यात होतं. उरलेल्या दहा टक्क्यांत मी अजून चुकते.

एक इशारा. तिकडे क्रियापदातच कळतं कुणी केलं ते. मी, तू, तो असं वेगळं लिहावं लागत नाही, शेपटी बघायची. त्यामुळे शेपट्या पाठच करा, पर्याय नाही.

होमवर्क: दादाची दहा वाक्यं 'करायचा'ची आणि दहा 'केलं'ची. हातानं लिहा, मी लाल पेनानं मारामारी करीन.

तुमची लाडकी,
संचिता


वर्तकनगर
२ एप्रिल २०२५

चि. संचितास, आशीर्वाद.

सोबत वही. शेपट्या पाठ केल्या. सकाळी गॅलरीत फेऱ्या मारत मोठ्यानं म्हणते, तर समोरच्या बिल्डिंगमधले लोक मला नवं स्तोत्र मिळालं असं समजतात.

'करायचा'ची दहाच्या जागी सव्वीस झाली. थांबवेना. संदेश फाटलेली बसची तिकिटं गोळा करायचा आणि पाटाखाली ठेवायचा. परीक्षेच्या दिवशी डाव्या पायातला मोजा उलटा घालायचा. शेजारच्या कमळाबाईंकडे जाऊन सुके बोंबील खायचा आणि घरी येण्याआधी बडीशेप चावायचा, म्हणजे मला वास येऊ नये. मला यायचा. कमळाबाई तुला आठवत असतील. इथल्या मूळच्या, आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. संदेश त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलायचा आणि माझ्याशी पुस्तकी मराठीत. बोंबीलला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते सापडलं नाही, मी 'एक मासा' असं लिहिलंय.

'केलं'ची दहा मोठ्या मुश्किलीनं भरली. शाळेच्या नाटकात तो झाड झाला आणि दुसऱ्या अंकात कोसळला. कळव्याला माझ्या बहिणीकडे, जाईबाईकडे, तो एकदा एकटाच चालत गेला. दहावीला गणितात त्याला अठ्ठ्याण्णव मिळाले. असली.

लिहिताना एक झालं. तो 'करायचा'वाला काळ लिहीत होते तोवर तो इथेच होता. दुसऱ्याला हात घातला की प्रत्येक वाक्याशेवटी जात होता. मला हे आवडलं नाही, पण तू सांगितलंस म्हणून केलं.

शालनकाकू


डोंबिवली
११ एप्रिल २०२५

ती. काकू, नमस्कार.

वही परत. चुका फक्त अकरा! माझा बार्सिलोनावाला नयन सहा महिन्यांत इथवर पोचलेला नाही. बडीशेपेचं वाक्य मी क्लासमध्ये फळ्यावर लिहिलं, नाव न सांगता. सगळ्यांना पहिला भूतकाळ एका झटक्यात कळला. तेव्हा दादानं आज सात पोरांना पास केलं असं समजा.

पण एक सांगू? छत्तीस वाक्यांत 'मी' जवळपास नाहीच. 'मला यायचा' एवढंच. दादा करायचा, कमळाबाई द्यायच्या, यांनी शिकवलं, पाऊस पडला. तुम्ही कुठे होतात? 'मी'च्या शेपट्या तुम्ही गाळल्यात की काय? आल्बाला आजी पण हवी असेल ना.

म्हणून पुढचा होमवर्क असा, की एका दिवसाची पूर्ण गोष्ट. दोन्ही भूतकाळ मिसळून, मागचं चित्र आणि घडलेलं. मी सगळ्यांना लग्नाचा दिवस देते, त्यात भरपूर क्रियापदं असतात. तुम्ही इनेसवहिनी पहिल्यांदा घरी आल्या तो दिवस लिहा. मी तेव्हा पुण्याला शिकायला होते, मला कुणी बोलावलंच नाही. आता तरी वाचू दे.

संचिता


वर्तकनगर
२० मे २०२५

चि. संचितास,

उशीर झाला. उन्हाळा कारण म्हणून पुरेसं आहे. पाणी एक दिवसाआड येतंय, त्यात जाईबाई आठ दिवस राहून गेली.

तू सांगितलेला दिवस लिहिला नाही. त्याऐवजी दहावीच्या निकालाचा लिहिलाय, त्यातही पुष्कळ क्रियापदं आहेत. 'मी'च्या शेपट्याही आहेत, मोजून बघ. मी पेढे आणले, मी रडले, मी शेजारी वाटले.

दुसरं. इनेसचं आणि आल्बाचं पत्र आलं, दोन्ही हातानं लिहिलेली. मी पाठवलेल्या सव्वीस वाक्यांवर दोघी खूश आहेत. आल्बानं उलटा मोजा घालून गणिताचा पेपर दिला म्हणे. बरंचसं मला आपलं आपण वाचता आलं, पण इनेसच्या पत्रातला तिसरा परिच्छेद आणि आल्बाच्या पत्राचा शेवट यांच्याबद्दल शंका आहे. प्रती पाठवतेय. तेवढंच मराठीत उतरवून दे. शब्द इकडेतिकडे करू नकोस, असेल तसं दे.

शालनकाकू


डोंबिवली
२७ मे २०२५

ती. काकू, नमस्कार.

निकालाची गोष्ट छान. पण तुम्ही टांग मारलीत हे माझ्या लक्षात आलंय.

हा तिसरा परिच्छेद, असेल तसा:

'आल्बाला शाळेत कुटुंबातल्या एका रीतीबद्दल बोलायचं होतं. तिनं पाच दिवसांची रीत निवडली. संदेशनं मला सांगितलं होतं, की तुमच्याकडे नवी सून पहिलं पाऊल शेजारच्या घरात टाकते, म्हणजे सगळी वस्ती तिची होते. सासू पाच दिवस आपल्या बहिणीकडे जाऊन राहते आणि सुनेचं तोंड बघत नाही, म्हणजे तिच्या प्रेमाची दृष्ट लागत नाही. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, कारण आमची तिकिटं चौथ्या दिवसाची होती आणि तुमची भेट राहून गेली. पण शेजारच्या आईनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं, मी ते पायानं लवंडलं, आणि संदेश म्हणाला, हे माप माझ्या आईनं जाण्याआधी भरून ठेवलंय. मी ते कधीच विसरले नाही. घरी बसून वाट बघण्यापेक्षा दूर जाणं तुम्हाला किती जड गेलं असेल.'

आणि आल्बाचा शेवट:

'आजी, माझ्या बाईंना तुझी रीत खूप आवडली. पण मला एक विचारायचंय. माझं लग्न झाल्यावर पण तू पाच दिवस निघून जाशील का? मला ते नको. तू जाऊ नकोस.'

काकू, किती गोड आहे हे. फक्त ही रीत कुठली हो? मी आईला विचारलं, तिनं कधी ऐकली नाही. माप ओलांडणं आपल्या सगळ्यांत असतं, पण शेजारच्या दारात? आणि सासूनं बहिणीकडे जायचं? काकांच्या कोकणातल्या गावची आहे का? हीच लिहा ना गोष्ट म्हणून. मला खरंच वाचायचीय.

संचिता


वर्तकनगर
९ जून २०२५

चि. संचिता,

अशी रीत नाही. कोकणात नाही, देशावर नाही, कुठेच नाही. संदेशनं ती जिन्यात उभ्या उभ्या तयार केली असणार.

तुला होमवर्क हवा होता ना, तर घे. फेब्रुवारी २०१४. हे जाऊन आठ महिने झाले होते. संदेशनं तिकडे नोंदणी लग्न केलं आणि नंतर मला कळवलं. मी फोनवर 'या' म्हणाले. शेवयांची खीर करायची, ओटी भरायची, सगळं ठरवलं. माप घासून ठेवलं. आणि ते यायचे त्या दिवशी सकाळी डोक्यात काहीतरी फिरलं. यांच्या फोटोसमोर उभी होते. माझ्या मुलानं मला न विचारता घर मांडलं आणि आता मी हसत दारात उभी राहायचं, हे मला सहन झालं नाही. मी घराला कुलूप लावलं आणि कळव्याला जाईबाईकडे जाऊन बसले. किल्ली कुणाकडे ठेवली नाही. ते येऊन गेले की मगच परत आले. पाचव्या दिवशी.

आल्यावर कमळाबाई मला जिन्यातच भेटल्या. मी काही विचारण्याआधी म्हणाल्या, "तुजी सून तुज्या दारान उभी होती, कुलपाकडं बगत. मी काय करनार? माप ठेवला नी घेतली माज्या घरान. तुजा पोर तिच्याशी तिच्या भाषेन कायतरी बोलला गो, नी खाली मान घालून बसला." तांदूळ त्यांचे, माप त्यांचं. पुढे वर्षभर त्या माझ्याशी सरळ बोलल्या नाहीत.

संदेश मात्र बोलला. दर रविवारी फोन करायचा. भाजी काय केलीस, पाणी आलं का. त्या दिवसाचा शब्दही त्यानं कधी काढला नाही. नंतर दोनदा आला, एकटाच. तिला घेऊन ये, असं मी एकदाही म्हणाले नाही. माझा राग तर पहिल्याच वर्षी निवला होता, पण म्हणायचं कसं, या लाजेत नऊ वर्षं घालवली. मला वाटायचं, त्यानं तिला सांगितलं असणार, ती माझा तिरस्कार करत असणार, आणि ते योग्यच आहे. तो गेल्यावर ती एवढ्या मायेनं का लिहिते ते मला कळत नव्हतं. आता कळलं. त्यानं तिला माझ्यावर रागावूच दिलं नाही.

तो परिच्छेद मला पहिल्याच वाचनात समजला होता, संचिता. तुझ्याकडून ऐकेपर्यंत विश्वास ठेवायचा नव्हता.

आता ते पोर विचारतंय, माझ्या लग्नात पण तू जाशील का. मी काय उत्तर देऊ? 'नाही जाणार' म्हणाले तर ती म्हणेल, मग रीत? 'रीत आहे' म्हणाले तर आयुष्यभर तिच्या डोक्यात राहील, की प्रेमाचं माणूस आलं की घर बंद करून जायचं असतं. म्हणून मी इनेसला खरं लिहिलंय. सोबत दोन पानं आहेत. क्रियापदं तपास आणि लवकर पाठव. जास्त दिवस माझ्याजवळ राहिली तर मी ती फाडून टाकीन.

शालनकाकू


डोंबिवली
१ जुलै २०२५

ती. काकू,

तीन आठवडे घेतले, रागावू नका. सूरजनं रोज विचारलं, पाकीट द्यायचंय का, आणि मी रोज नाही म्हणाले.

मला वाटतं हे पाठवू नये. मी तुम्हाला दोष देत नाहीये, शप्पथ. पण बघा ना, दादानं किती जपून काहीतरी उभं केलं. वहिनींकडे दादाचं आता उरलंय काय, आठवणीच ना? त्यातली एक तुम्ही खोटी ठरवणार. आल्बानं शाळेत सगळ्यांना सांगितलंय. आणि वहिनी चिडल्या तर? पत्रं बंद झाली तर? तुम्हाला दोघीच आहेत, काकू. तुम्ही इथे एकट्या, कानाला ऐकू येत नाही, दाराची बेल वाजली तरी कळत नाही. मला रात्रंदिवस तेच दिसतं.

आल्बाला एवढंच लिहा, की ती जुनी रीत होती, आता बंद झाली. कुणाचं काय बिघडतं?

तरी पाठवायचंच असेल तर दुरुस्त करून, स्वच्छ अक्षरात लिहून सोबत दिलंय. चुका फार नव्हत्या. तुम्ही फक्त खाली सही करा.

संचिता


वर्तकनगर
६ जुलै २०२५

चि. संचिता,

तुझं अक्षर सुंदर आहे. पण पहिल्या पानावर सहाव्या ओळीत 'एस्ताबा एनफेर्मा' असं लिहिलंय. आजारी होते. कोण आजारी होतं गं? मी ठणठणीत होते, कळव्याला जाऊन दोन वेळा व्यवस्थित जेवले. आणि माझं 'सेर्रे ला पुएर्ता कोन यावे इ मे फुई' हे वाक्य कुठे गेलं? मी दाराला कुलूप लावलं आणि निघून गेले. मी ते चार दिवस खपून लिहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा 'मी'ची शेपटी न चुकता लावली होती.

तुला वाटलं म्हातारीला काय कळणार. तूच शिकवलंस आणि तूच विसरलीस.

मी रागावलेले नाही. तू जे केलंस तेच संदेशनं केलं होतं. तुम्ही दोघांनी मला पाठीशी घातलंत. इतकं कुणी कुणासाठी करत नाही, हे मला कळतं आणि त्याबद्दल मला तुमची माया वाटते. पण त्यानं रीत काढली, आता तू आजार काढलास, पुढे आल्बा मोठी होऊन आणखी काहीतरी काढेल. या सगळ्यात इनेस अजून कुलपासमोर उभीच आहे. तिला निदान कळू दे, की कुलूप कुणी लावलं.

पत्रं बंद होतील ही भीती मलाही आहे. लपवत नाही, फार आहे. पोस्टमन खालून गेला की मी गॅलरीत जाऊन बघते. पण तिचं प्रेम ज्या बाईवर आहे ती मी नाहीच. संदेशनं घडवलेली कुणीतरी आहे. तिच्या नावानं येणारी पत्रं मी उघडते, असं वाटतं.

माझं मूळ पत्र मी तुझ्या लाल खुणा बघून पुन्हा लिहिलं, सहावी ओळ माझीच ठेवली, आणि काल सकाळी पोस्टात टाकून आले. पेटीत न टाकता खिडकीवर दिलं, म्हणजे परत मागता येऊ नये.

तुझा लोण्याचा डबा सूरजबरोबर पाठवतेय. आढेवेढे न घेता खा.

शालनकाकू


डोंबिवली
२४ ऑगस्ट २०२५

ती. काकू,

दीड महिना झाला, तुमचं पत्र नाही. सूरज म्हणाला तुम्ही दार उघडलंत, रिकामा डबा घेतलात आणि वहिनींच्या उत्तराचं नाव काढलं नाहीत. तेव्हा उत्तर आलेलं नसणार.

माझं चुकलं. मी पोरांना ओरडते, की वाक्य दुसऱ्याचं असतं, आपण फक्त व्याकरण बघायचं, आणि मीच असं केलं. खरं सांगू का, मला दादाची पण भीती वाटली. म्हणजे त्याची चोरी उघडी पडेल याची. तो तिकडून आला की मला म्हणायचा, आई जरा तिखट आहे पण मनानं साधी आहे. मला वाटायचं तुमच्यात सगळं छान आहे. मी त्याला एकदाही विचारलं नाही, की वहिनींना का आणत नाहीस. आम्ही कुणीच विचारलं नाही.

उत्तर आलं नाही तरी आपली वही चालू ठेवायची हां. आणि या गौरींना तुम्ही आमच्याकडेच या. नाही म्हणू नका, सूरज गाडी घेऊन येईल.

तुमची,
संचिता


वर्तकनगर
१९ ऑक्टोबर २०२५

चि. संचितास,
अनेक आशीर्वाद.

गौरींच्या तीन दिवसांत तू मला एकदाही 'आलं का?' असं विचारलं नाहीस, हे माझ्या लक्षात आलं होतं.

काल आलं. एकच पान, इनेसच्या हातचं. मी ते कुणाच्या मदतीशिवाय वाचलं. एक शब्द अडला, तो कोशात बघितला. मराठीत उतरवून देते. माझं भाषांतर आहे, लाल पेन लांब ठेव.

'शालन,
तुमचं पत्र मी चार महिने घरात ठेवलंय असं वाटतं, खरं तर तीनच झाले. उत्तर चारदा लिहिलं आणि फाडलं. आधी मी संदेशवर चिडले. तो माझ्याशी इतकी वर्षं खोटं बोलत होता आणि मी ते लोकांना हौसेनं सांगत होते. पण तो नाही, मग त्याच्याशी भांडायचं कसं? त्याच्या शर्टांशी भांडून झालं.

आल्बाला मी सगळं सांगितलं. तिनं विचारलं, बाबा माझ्याशी पण खोटं बोलायचे का? हा प्रश्न तुमच्यामुळे आला, हे तुम्हाला माहीत असावं.

मला आता तुमच्यावर रागवायचं आहे. अकरा वर्षं उशीर झालाय, पण मला तो दिवस आत्ता कळला. आणि पत्रातून मला रागावता येत नाही, माझे शब्द फार नीट येतात. समोर बसून रागवायचं आहे. डिसेंबरच्या वीस तारखेला आम्ही दोघी येतोय. तिकिटं काढली आहेत. परतीची सहा जानेवारीची आहेत. तुम्हाला चालेल का ते विचारत नाही.
इनेस'

बस, एवढंच. खाली आल्बानं एक मांजर काढलंय. कशासाठी ते कळलं नाही, पण काढलंय.

मी ते घेऊन कमळाबाईंकडे गेले. त्यांना वाचून दाखवलं, म्हणजे मराठीत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पोरीला तिखट चालतं का. मला तेवढंही माहीत नव्हतं. मग मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसून खूप रडले. त्या जवळ आल्या नाहीत, कांदे निवडत बसल्या, ते बरं झालं.

संचिता, संदेश माझ्यावर कधी रागावला नाही. हे म्हणायचे, याला राग येतच नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. तो एकदा जरी फोनवर ओरडला असता, आई, तू हे काय केलंस, तर मी त्याच दिवशी म्हणाले असते, की घेऊन ये तिला. तो सांभाळून घेत राहिला आणि मी घेऊ दिलं. आता इतक्या वर्षांनी घरचं कुणीतरी माझ्यावर रागवायला येतंय, तेही समुद्र ओलांडून. मला भीती वाटते आहे आणि काल संध्याकाळपासून मी दोनदा पडदे धुतले आहेत.

तिला उत्तर लगेच पाठवलं, तुला न दाखवता. एकच ओळ आहे. चुकली असेल तर असू दे. लिहिलं, 'या. मी घरी आहे.'

तुझी,
शालनकाकू